जोर कुठे द्यायचा?

बीड जिल्हा इंग्रजी डोळ्यांनी शिकला, कानांनी नाही. निजामी राजवटीत सरकारी शिक्षणाचं माध्यम उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही इंग्रजी एक विषय म्हणून असे. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेला स्वामी रामानंद तीर्थांसारखे मुख्याध्यापक लाभले, पण इंग्रजी कानावर पडावी असं गावात काही नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाची राजवट गेली, १९६० साली महाराष्ट्र झाला, पुढे इंग्रजी पाचवीपासून ठरली.

मग इंग्रजी शिकायला हाताशी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि गाइडं. गाइडात इंग्रजी शब्दाखाली देवनागरी उच्चार छापलेला असे. त्याचे उपकार मोठे आहेत. घरात कुणालाही इंग्रजी येत नसताना ऊसतोड मजुराचं पोर त्याच्या आधारे धडा वाचू शकलं. लांब शब्द आला की मात्र हीच सोय अडायची. देवनागरीत सगळी अक्षरं सारख्या तोलाची दिसतात. इंग्रजीत जोर एका भागावर पडतो आणि बाकीचे स्वर पुसट होतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या भागावर, 'फोटोग्राफर' म्हणताच तो दुसऱ्यावर सरकतो, फ-टॉ-ग्र-फर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. गाइडात तिन्हींची सुरुवात 'फोटोग्रा'च. 'हॉटेल', 'कमिटी', 'डेव्हलप' यांतही इंग्रजीत जोर दुसऱ्या भागावर असतो. मराठीत बोलताना खुशाल हॉटेल म्हणावं, तो शब्द आता आपलाच आहे. पण इंग्रजी मुलाखतीत जोर चुकल्यामुळे समोरच्याला शब्द कळला नाही, तर पोराचं ज्ञानच कमी ठरतं. हे मला फार सलतं.

२००० साली इंग्रजी पहिलीपासून आली, तरी परीक्षेचा भर लेखीवरच राहिला. मुलं 'कम्युनिकेशन'चं स्पेलिंग घोकत राहिली. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेल्यांचा तर तेवढाही सराव तुटला. खरं तर 'शन'ने संपणाऱ्या शब्दांचा नियम एका तासात शिकवता येतो. जोर 'शन'च्या लगेच आधीच्या भागावर: अॅप्लि'के'शन, रजि'स्ट्रे'शन. 'इटी'चंही तसंच: युनिव्हर्सिटीत जोर 'व्हर'वर. आता मोबाइलवरच्या शब्दकोशात हे ऐकून पडताळताही येतं.

देवनागरीला अशा खुणा परक्या नाहीत. ऋग्वेदाच्या छापील संहितेत स्वर दाखवायला अक्षरावर उभी आणि अक्षराखाली आडवी रेघ असते. शिक्षकांना विनंती आहे, फळ्यावर लांब शब्द फोडून लिहाल तेव्हा जोराच्या भागावर एक उभी रेघ द्या आणि सगळ्या वर्गाकडून तो मोठ्याने म्हणवून घ्या.