पिकअपच्या बसलेल्या कमानींची दुरुस्ती

खताची पोती व भाजीपाला वाहून जुन्या पिकअप गाडीचा मागील भाग कालांतराने खाली बसतो. अशा वेळी कमानींचा नवा संच घेण्याची घाई शेतकरी बंधूंनी करू नये.

रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. एकच बाजू खाली असल्यास बहुधा एखादा पाटा तुटलेला आढळतो. तो तेवढा बदलून पुन्हा मोजावे. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील, तर कमानी उतरवून कमानवाल्याकडून पाट्यांना बाक देऊन घ्यावा. तो नव्याइतका टिकत नाही, परंतु खर्च पुष्कळच कमी येतो.

गॅसच्या ज्योतीने पाटा तापवून वाकविणे किंवा तडा वेल्ड करणे मात्र सर्वस्वी वर्ज्य समजावे. त्यायोगे पोलादाचे पाणी उतरते आणि भरल्या गाडीखाली पाटा अकस्मात तुटतो. त्या वेळी पोत्यांवर माणसेही बसलेली असतात, हे ग्रामसेवकांस सांगावयास नकोच.

जादा पाटा घातल्याने गाडी उंच दिसते, पण तिची भारमर्यादा वाढत नाही. अ‍ॅक्सल, टायर व ब्रेक जुनेच राहतात.

काम करताना केवळ जॅकवर विसंबू नये. चासीखाली भक्कम आधार द्यावा. यू-बोल्ट नवे घालून काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळावेत. कित्येक पिकअपमध्ये मागील अ‍ॅक्सलला ब्रेकचा दाब नियंत्रित करणारी झडप जोडलेली असते. उंची बदलल्यास तीही जाणत्या मेकॅनिककडून जुळवून घ्यावी.