घर : निवाऱ्यासाठी की करसवलतीसाठी?

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या दरम्यान खुटबाव हे लहानसे स्थानक आहे. भोवती उसाचे मळे, मोसमात गुऱ्हाळांचा धूर आणि फलाटावर पुण्याच्या गाडीची वाट पाहणारी नोकरदार मंडळी. पुणे येथून पन्नासेक किलोमीटर. त्यामुळे शहरात नोकरी करून गावात राहता येते, आणि गावच्या शाळेत शिकवून शहरात घर घेण्याचे स्वप्नही पाहता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आयकराचा हिशेब सुरू झाला, की अशा मंडळींच्या बोलण्यात एक सल्ला हमखास येतो : ‘‘गुरुजी, घर घेऊन टाका, निदान कर तरी वाचेल.’’ हा सल्ला एके काळी निदान अर्धा खरा होता. आज मध्यम वेतनाच्या बहुसंख्य नोकरदारांच्या बाबतीत तो खरा उरलेला नाही. पण जुन्या सल्ल्यांचे आयुष्य कायद्यांपेक्षा मोठे असते.

सवलत होती तरी कशी?

१९६१ च्या आयकर कायद्याने घरकर्ज घेणाऱ्यास दोन सवलती दिल्या होत्या. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याज कलम २४ प्रमाणे वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा होई. मुद्दलाची फेड आणि खरेदीच्या वर्षातील मुद्रांक व नोंदणी शुल्क कलम ८०-सीच्या दीड लाखांच्या मर्यादेत बसे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने १ एप्रिल २०२६ पासून कलमांचे क्रमांक बदलले. या सवलतींचा गाभा मात्र कायम ठेवला. पण त्या मिळतात केवळ जुनी करपद्धती निवडणाऱ्यास. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी पद्धती हीच मूळ पद्धती ठरली असून, तीत स्वतःच्या राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने या नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. पगारदारास पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट धरता ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते.

या बदलाचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, खुटबावसारख्या गावातील एका शिक्षकाचे वार्षिक वेतन नऊ लाख रुपये आहे. त्याने पंचवीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले. मासिक हप्ता सुमारे २१,७०० रुपये होतो. पहिल्या वर्षी त्याने भरलेल्या दोन लाख साठ हजारांपैकी दोन लाख दहा हजार व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम पन्नास हजारांनी घटते. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट, व्यवसाय कर, दीड लाखांची बचत आणि दोन लाखांचे व्याज वजा केल्यावर त्याचे करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या किंचित खाली येते आणि कर शून्य होतो. त्याच्या शेजारचा शिक्षक तेवढ्याच वेतनावर भाड्याच्या घरात राहतो, कोणतेही कर्ज काढत नाही आणि नवी पद्धती स्वीकारतो. त्याचाही कर शून्यच! मग पहिल्या शिक्षकाच्या घराने वाचवले काय?

वेतन वाढले म्हणजे चित्र पालटते, असेही नाही. पंधरा लाख वेतनाच्या कर्मचाऱ्याने घरकर्जाचे पूर्ण व्याज आणि बचतीची पूर्ण मर्यादा वापरली, तरी जुन्या पद्धतीत त्यास उपकरासह सुमारे १,४७,००० रुपये कर द्यावा लागतो. नव्या पद्धतीत, एकही सवलत न घेता, ९७,५०० रुपये. इतर अनेक वजावटी जमेस असतील तरच जुनी पद्धती किफायतशीर ठरते. शिवाय भविष्य निर्वाह निधी आणि विम्याचे हप्ते यांनीच दीड लाखांची मर्यादा बहुतेकांची भरलेली असते. मुद्दलाच्या फेडीस तेथे जागाच उरत नाही.

वस्तुतः सवलत सर्वांत मोठी होती तेव्हाही हा युक्तिवाद लंगडाच होता. वीस टक्के कर भरणारा मनुष्य बँकेला शंभर रुपये व्याज देई, तेव्हा सरकार त्याला वीस रुपये सोडी. उरलेले ऐंशी त्याच्याच खिशातून जात. वीस रुपये मिळावेत म्हणून शंभर खर्च करण्याला बचत म्हणणे हा शब्दांचा खेळ होय.

तारखांची घाई

कर सोडला, तर काही सवलती अजूनही भक्कम आहेत. महाराष्ट्रात निवासी घर पूर्णपणे स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सूट १ एप्रिल २०२१ पासून मिळते. चाळीस लाखांच्या घरावर हे चाळीस हजार रुपये होतात, आणि पत्नीच्या नावावर मालमत्ता येते हा लाभ त्याहून मोठा. सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, नऊ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबास पस्तीस लाखांपर्यंतच्या घरासाठी आणि पंचवीस लाखांपर्यंतच्या कर्जावर एकूण १,८०,००० रुपयांपर्यंत व्याज-अनुदान मिळू शकते. अट अशी, की कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे. गावातील वडिलोपार्जित पक्के घर ज्याच्या नावावर चढले आहे, त्याने ही रक्कम हिशेबात धरू नये. पतिपत्नी दोघेही नोकरीत असतील, तर उत्पन्नाची मर्यादाही सहज ओलांडली जाते.

परंतु सवलतीची मुदत पाहून घर घेणे धोक्याचे असते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केले. तेहतीस लाखांच्या घरावर तीन टक्के म्हणजे जवळजवळ एक लाखाची खरी बचत. पण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. पंचवीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज सातऐवजी नऊ टक्क्यांचे झाले, तर हप्ता महिन्याला सुमारे ३,१०० रुपयांनी वाढतो. वाचलेला लाख रुपया तीन वर्षांच्या आत संपतो. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरले; पुढे ते चढणारच नाहीत, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. ज्याचा संसार दर चढल्यावरही हप्ता पेलू शकतो, त्यानेच सवलतीच्या तारखेकडे पाहावे.

मग घर कधी घ्यावे?

प्रथम, त्या ठिकाणी निदान आठ-दहा वर्षे राहण्याचा संभव असावा. बदलीच्या नोकरीत हा प्रश्न टाळता येत नाही. खरेदी, नोंदणी आणि विक्री यांचा खर्च थोड्या वर्षांत वसूल होत नाही. शिवाय ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर विकले, तर मुद्दलाच्या फेडीवर घेतलेली सवलत परत करपात्र होते. दुसरे, हप्ता हाती येणाऱ्या वेतनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नसावा, आणि सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम गाठीला असावी. तिसरे, वर्षाचे घरभाडे आणि वर्षाचे व्याज, देखभाल व घरपट्टी यांची बेरीज समोरासमोर मांडून पाहावी. बांधकाम अपुरे असलेले घर घेणाऱ्याने भाडे आणि हप्ता दोन्ही भरावे लागतील हे ध्यानी ठेवावे. ताबा मिळेपर्यंत व्याजाची वजावट जुन्या पद्धतीतही मिळत नाही.

खुटबावच्या नोकरदारापुढे आणखी एक मोह असतो : गावाजवळच गुंठा-दोन गुंठे घेऊन ठेवण्याचा. मोकळ्या जागेच्या कर्जावर घर बांधून होईपर्यंत करसवलत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अलीकडे शिथिलता आली असली, तरी सातबारावर स्वतंत्र नाव लागते का आणि जमीन अकृषिक आहे का, हे तपासल्याखेरीज विसार देऊ नये. सामाईक सातबाऱ्यावरचा गुंठा विकताना आणि त्यावर कर्ज काढताना खरा त्रास कळतो.

हा हिशेब काटेकोर हवा याला कारण आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन आपोआप मिळत नाही. म्हातारपणी डोक्यावर कर्जमुक्त छप्पर असणे त्यांच्यासाठी पूर्वीच्या पिढीपेक्षा अधिक मोलाचे आहे. साहजिकच निवृत्तीपूर्वी फिटेल एवढेच कर्ज काढावे आणि जेथे आयुष्य काढावयाचे आहे तेथेच घर घ्यावे, मग ते हडपसरला असो वा खुटबावला. एवढे जुळले, तर कर वाचो अथवा न वाचो, घर घ्यावे. हे जुळत नसेल, तर भाड्याच्या घरात राहून शिल्लक वाढवण्यात कोणताही कमीपणा नाही.