पेशींतील दोन आज्ञा : कर्करोग आणि स्निग्ध द्रव्यें



सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत चादरींचे व टॉवेलांचे यंत्रमाग चालतात. चांगल्या मागास एक सोय केलेली असते. बाण्याचा धागा तुटला कीं माग आपोआप थांबतो आणि सदोष कापड पुढें विणलें जात नाहीं. आपल्या शरीरांतील पेशींसही निसर्गानें अशीच सोय दिली आहे. पेशींतील बिघाड दुरुस्तीपलीकडे गेला म्हणजे ती आपण होऊन आपला अंत करून घेते. ही सोय निकामी होऊन बिघडलेल्या पेशी अनिर्बंध वाढत राहिल्या म्हणजे त्यास आपण कर्करोग म्हणतों. थांबण्याची व वाढण्याची आज्ञा वाहून नेणाऱ्या द्रव्यांपैकीं कांहीं द्रव्यें स्निग्ध आहेत, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. मी वैद्य नव्हे, एक जुना शाळामास्तर आहें. परंतु हा विषय प्रत्येक कुटुंबानें समजून घेण्याजोगा आहे.

या द्रव्यांस ‘स्फिंगोलिपिड’ असें म्हणतात. लंडनमध्यें राहणारा थुडिखुम नांवाचा जर्मन वैद्य मेंदूचें रासायनिक पृथक्करण करीत असे. १८८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें मेंदूंत सांपडलेल्या एका गूढ द्रव्याचें वर्णन केलें आणि ग्रीक पुराणांत वाटसरूंस कोडें घालणाऱ्या स्फिंक्स राक्षसीवरून त्यास ‘स्फिंगोसीन’ हें नांव दिलें. पुढें शंभर वर्षें तें कोडें बव्हंशीं कोडेंच राहिलें. हीं द्रव्यें म्हणजे पेशीच्या आवरणांतील निव्वळ विटा, अशीच समजूत होती. १९८६ सालीं अमेरिकेंत हनून व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, पेशीच्या वाढीशीं निगडित असलेल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाचें कार्य स्फिंगोसीन रोखूं शकतें. भिंतींतील वीट बोलूं लागावी तसाच हा प्रकार झाला.

या कुळांतील दोन द्रव्यें विशेष लक्षांत ठेवावयाचीं. पहिलें सेरामाइड. तें पेशींत सांचलें म्हणजे बहुधा वाढ थांबते व पेशी अंताकडे वळते. सेरामाइडापासून स्फिंगोसीन होतें आणि त्यास फॉस्फेटाची जोड मिळाली कीं स्फिंगोसीन-१-फॉस्फेट हें दुसरें द्रव्य तयार होतें. त्याची आज्ञा उलट असते : जग, वाढ, नव्या रक्तवाहिन्या जवळ आण. म्हणजे मारक व तारक द्रव्यें एकाच घरचीं. १९९६ सालीं सारा स्पीगल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पेशीचें जगणें-मरणें या दोहोंच्या तोलावर अवलंबून असतें असें प्रतिपादन केलें. अनेक प्रकारच्या कर्करोगांत हें पारडें वाढीच्या बाजूस झुकलेलें आढळतें.

आतां उपचारांकडे वळूं. किरणोपचारानें व कांहीं औषधांनीं पेशींत सेरामाइड वाढतें, हें १९९४-९५ च्या सुमारास प्रयोगांनीं दिसून आलें. परंतु कर्कपेशीही धूर्त असते. ती सेरामाइडास साखरेचा एक कण जोडून त्याची धार बोथट करते, आणि मग औषध लागू पडेनासें होतें. हें जोडकाम थांबवावें, तसेंच फॉस्फेट जोडणारें प्रथिन रोखावें, असे प्रयत्न चालू आहेत. त्यांपैकीं कांहीं औषधांच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या. तथापि कर्करोगावरील रूढ उपचार म्हणून त्यांस अद्याप मान्यता मिळालेली नाहीं.

एका दिशेनें मात्र निश्चित यश आलें आहे. लहान मुलांस होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगांत पेशींच्या पृष्ठभागावर जीडी-२ नांवाचें याच कुळांतील द्रव्य विपुल असतें. त्यास नेमकें ओळखून चिकटणारें डायन्युटुक्सिमॅब हें औषध अमेरिकेंत २०१५ सालीं मान्य झालें. आपल्या अंगणांतील सदाफुलीपासून मिळणारें व्हिन्क्रिस्टीन हें औषध स्फिंगोमायलिनाच्या सूक्ष्म पुटिकांत भरून देण्याची रीतही तेथें २०१२ सालीं मान्य झाली होती. ती मान्यता २०२२ सालीं काढून घेण्यांत आली. शास्त्रांत एक पाऊल पुढें आणि एक मागें असें चालतेंच.

हें सर्व सांगण्याचें कारण असें. ‘स्निग्ध द्रव्यें आणि कर्करोग’ हे शब्द कानीं पडतांच कित्येक घरांत रुग्णाचें तूप, दूध, तेल बंद केलें जातें. हा मोठाच घात होय. प्रस्तुत द्रव्यें पेशी स्वतःच्या कारखान्यांत बनविते. अन्नांतून आलेलीं बहुतांशीं आंतड्यांत विघटित होतात. ताटांतील तूप काढून पेशींतील तराजू सरळ होत नाहीं. उलट रुग्ण क्षीण होतो व उपचार त्यास सोसत नाहींत. पथ्य ठरवावें तें उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीं, शेजाऱ्यांनीं नव्हे. त्याचप्रमाणें सेरामाइडाचीं मलमें कोरड्या त्वचेसाठीं आहेत. त्यांनीं गांठ विरत नाहीं.

आपल्याच जिल्ह्यांत बार्शीस १९८७ पासून खेड्यापाड्यांतील कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद होत आली आहे आणि तेथें कर्करोगाचें रुग्णालयही आहे. न भरणारी जखम, वाढती गांठ, अकारण रक्तस्राव दिसतांच तपासणी करावी आणि सुरू झालेला उपचार अर्ध्यावर सोडूं नये. स्फिंक्सचें कोडें विद्वान मंडळी सोडवीत आहेत; वेळेवर दवाखान्याची पायरी चढणें एवढें मात्र आपल्या हातीं आहे.