रंग खोटा नव्हता

"ही लाली तू संगणकावर भरलीस ना?" मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं छायाचित्र पाहून वडिलांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. आदल्याच रात्री जुन्नरजवळच्या शेतात माझ्या आठ इंची दुर्बिणीतून त्यांनी तोच मेघ पाहिला होता आणि त्यांना दिसला होता नुसता राखाडी धुक्याचा पुंजका.

हा मेघ शोधायला सोपा. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आपण लहानपणापासून ओळखतो. त्यांच्या दक्षिणेला अंधुक ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्यातला मधला तारा जरा पुसट दिसतो, तिथेच हा मेघ आहे. अंतर सुमारे १३०० प्रकाशवर्षे. आज दिसणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

मेघाच्या पोटात अतिशय तप्त, तरुण तारे आहेत. त्यांचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत येतात, पायरी-पायरीने खाली उतरतात आणि त्यातल्या एका उडीत ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश बाहेर पडतो. वायू असा स्वतःच प्रकाशतो, म्हणून हा उत्सर्जन तेजोमेघ.

मग डोळ्यांना ती लाली का दिसत नाही? अंधारात काम करणाऱ्या आपल्या नेत्रपेशींना रंग कळत नाहीत, आणि डोळा प्रकाश साठवूही शकत नाही. कॅमेरा साठवतो. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत याच मेघाचं छायाचित्र घेतलं, तेव्हा काच ५१ मिनिटं उघडी ठेवावी लागली होती. तेजोमेघाचं ते पहिलं छायाचित्र.

अडचण अशी, की पृथ्वी फिरते. मिनिटाभरात मृग पाव अंशाने, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्याने सरकतो. म्हणून दुर्बिणीच्या माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखून तिला मोटरने ताऱ्यांमागे फिरवावं लागतं. मागच्या हिवाळ्यात माझा अक्ष किंचित चुकला आणि तारे शेवयांसारखे लांबले. पुढच्या खेपेस आरशावर दव धरलं. दोन्ही रात्री फुकट गेल्या.

या वेळी ३० सेकंदांची १२० छायाचित्रं घेतली. मेघाचा मधला भाग फार उजळ, तो पांढरा पडू नये म्हणून काही पाच सेकंदांचीही घेतली. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हा लाल प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून तो आधीच बदलून घेतला होता. मग संगणकावर सगळी छायाचित्रं एकावर एक रचली. रचल्यावर दाणेदारपणा कमी होतो आणि मेघाच्या अंधुक कडा वर येतात.

"रंग भरला नाही बाबा, होता तो गडद मात्र केला," मी कबूल केलं. त्यांनी छायाचित्र पुन्हा हातात घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "पुढची अमावास्या कधी आहे?"