जुन्या वाहनांचे ध्वनिशामक

ध्वनिशामक : (बोलभाषेत सायलेन्सर किंवा मफलर). अंतर्ज्वलन-एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंचा आवाज, त्यांच्या प्रवाहास शक्य तितका कमी अडथळा करून, मंद करणाऱ्या साधनास ध्वनिशामक असे म्हणतात. नव्या वाहनात हे साधन एंजिनाच्या गरजा व कायद्याची मर्यादा लक्षात घेऊन उत्पादकच बसवितो. जुन्या वाहनाचा मूळ ध्वनिशामक गंजून गेला व तसाच मिळेनासा झाला, म्हणजे मात्र निवडीचा प्रश्न मालकावर व स्थानिक कारागिरावर येतो. अशा वेळी ‘गंभीर’ किंवा ‘खर्जातल्या’ आवाजाची अपेक्षा बहुधा असते आणि आतील पडदे काढून टाकल्यास तसा आवाज मिळतो असा समजही आढळतो. हा समज चुकीचा आहे. पडदे काढल्याने आवाज मोठा होतो. पण तो मृदू होत नाही. मृदू आवाज हा उच्च कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येचे) घटक शोषून घेतल्याचा व नीच कंप्रतेचे घटक माफक ठेवल्याचा परिणाम असतो.

आवाजाची उत्पत्ती : निष्कास झडप उघडते त्या क्षणी सिलिंडरातील वायूंचा दाब वातावरणीय दाबाच्या काही पट असतो. त्यामुळे वायूंचा लोट एकदम नळात शिरतो व दाबाचा एक तीव्र स्पंद निर्माण होतो. चार-धावी एंजिनात प्रत्येक सिलिंडरातून दर दोन फेऱ्यांस असा एक स्पंद बाहेर पडतो. रॉयल एन्फील्ड बुलेट या ३४६ घ. सेंमी. क्षमतेच्या एकसिलिंडरी मोटारसायकलीचे एंजिन मिनिटास ९०० फेरे करीत असता सेकंदास केवळ ७·५ स्पंद पडतात. मानवी कान सेकंदास सुमारे २० पेक्षा कमी स्पंद वेगवेगळे ऐकतो; त्यांचा अखंड स्वर होत नाही. मोटारसायकलीस मराठीत मिळालेले ‘फटफटी’ हे नाव या सुट्या स्पंदांचेच अनुकरण आहे. याउलट मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारगाडीच्या १,०८९ घ. सेंमी. क्षमतेच्या चार-सिलिंडरी एंजिनातून मिनिटास ३,००० फेऱ्यांना सेकंदास १०० स्पंद बाहेर पडतात व ते एका सलग स्वरासारखे ऐकू येतात.

स्पंद जितका तीव्र, तितके त्यात मूळ कंप्रतेच्या पटीतील उच्च कंप्रतांचे प्रमाण अधिक असते. या उच्च कंप्रतांमुळे आवाजास कर्कशपणा येतो. नळातील वळणे, कडा व भोके यांवरून वेगाने जाणाऱ्या वायूचा सळसळाट आणि पातळ पत्र्याच्या कवचाचे कंपन यांमुळे त्यात आणखी भर पडते.

इतिहास : अमेरिकेतील इंडियाना राज्यातील कोलंबस येथील मिल्टन व मार्शल रीव्ह्‌झ या बंधूंना १८९७ साली एंजिनाच्या ध्वनिशामकाचे एकस्व (पेटंट) मिळाले. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्‌स यांनी अनुस्पंदकांचा जो अभ्यास केला होता, त्याचा उपयोग पुढे या साधनाच्या अभिकल्पात झाला. अमेरिकेच्या वैमानिकीविषयक राष्ट्रीय सल्लागार समितीने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात विस्तारकक्ष व अनुस्पंदक यांच्या शामकतेचे गणित प्रयोगांनी पडताळून मांडले. भारतात बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. एल. मुंजाल यांचा या विषयावरील १९८७ चा इंग्रजी ग्रंथ जगभर आधारभूत मानला जातो. मोटार उद्योगातील संशोधन व चाचणी यांसाठी पुणे येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत वाहनांच्या आवाजाच्या चाचण्या होतात.

प्रकार : ध्वनिशामकांचे कार्यानुसार तीन प्रमुख प्रकार होतात.

(१) परावर्ती : यात अरुंद नळ एकदम रुंद कक्षात उघडतो. छेदाचे क्षेत्रफळ बदलताच ध्वनितरंगाचा काही भाग मागे परततो. कक्षाचा व्यास नळाच्या तिप्पट असल्यास एका साध्या कक्षाने जास्तीत जास्त सुमारे १३ डेसिबेल व चौपट असल्यास सुमारे १८ डेसिबेल घट मिळते. ही घट सर्व कंप्रतांना सारखी नसते. कक्षाची लांबी तरंगलांबीच्या एक-चतुर्थांश असेल, तेव्हा ती सर्वाधिक असते व निम्मी असेल, तेव्हा जवळजवळ शून्य होते. तप्त निष्कास वायूत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ५०० मी. धरला, तर ५० सेंमी. लांबीचा कक्ष २५० हर्ट्‌झचा आवाज सर्वांत चांगला अडवितो. पण ५०० हर्ट्‌झचा आवाज जसाच्या तसा जाऊ देतो. म्हणूनच मूळ ध्वनिशामकांत वेगवेगळ्या लांबीचे दोन-तीन कक्ष आडव्या पडद्यांनी व सच्छिद्र नळ्यांनी जोडलेले असतात. एका कक्षातून निसटलेली कंप्रता दुसऱ्यात अडते. हे पडदे काढले की, या योजनेचा पायाच नाहीसा होतो.

(२) शोषक : यात सच्छिद्र सरळ नळाभोवती काचलोकर किंवा खनिज लोकर भरलेली असते. तंतूंमधून जाताना ध्वनिऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर होते. काही शे हर्ट्‌झच्या वरच्या कंप्रतांचे शोषण चांगले होते. खालच्या कंप्रता मात्र फारशा कमी होत नाहीत. वायूचा मार्ग सरळ असल्याने प्रतिदाब कमी राहतो.

(३) अनुस्पंदक : मुख्य नळास अरुंद मानेने जोडलेला बंद कक्ष ठराविक कंप्रतेचा आवाज अडवितो. गाडी एका विशिष्ट वेगाला आली असता आत जो घुमणारा आवाज येतो, तो दूर करण्यासाठी याचा उपयोग होतो.

मृदू आवाजासाठी निवड : एकटा परावर्ती कक्ष आवाज कमी करतो, पण काही उच्च कंप्रता निसटू देतो, एकटा शोषक प्रकार कर्कशपणा काढतो, पण खालचा आवाज मोठाच ठेवतो. त्यामुळे एंजिनाच्या बाजूस पुरेशा घनफळाचा परावर्ती ध्वनिशामक व त्याच्या मागे लहान शोषक ध्वनिशामक ही जोडी मृदू आवाजासाठी सर्वांत समाधानकारक ठरते. मागील भागात वायू काहीसे थंड झालेले असल्याने लोकरही अधिक काळ टिकते.

घनफळ हा दुसरा निकष होय. एंजिनाच्या एकूण क्षमतेच्या सुमारे दहापट घनफळ हा अंदाजाचा सोयीचा आरंभबिंदू आहे. १,०८९ घ. सेंमी. एंजिनास यानुसार सुमारे ११ लिटर घनफळ लागेल, १५ सेंमी. व्यासाचा व ६० सेंमी. लांबीचा दंडगोल यास पुरतो. लहान घनफळाच्या, चकाकत्या ध्वनिशामकाने आवाज मृदू करता येत नाही.

नळाचा व्यास मुळाइतकाच ठेवणे इष्ट असते. तो फार कमी केल्यास प्रतिदाब वाढून एंजिन तापते व इंधन अधिक लागते. उगाच वाढविल्यास शक्तीत लाभ न होता आवाज वाढतो. कवचाचा पत्रा जाड किंवा दुहेरी असावा, कारण पातळ एकेरी पत्रा स्वतःच कंप पावून पत्र्याच्या डब्यासारखा आवाज देतो. ध्वनिशामक रबरी टेकूंवर टांगल्यास त्याचे कंपन गाडीच्या सांगाड्यात शिरत नाही. शेवटचा नळ गाडीच्या मागील कडेपलीकडे न्यावा. तो मध्येच संपल्यास आवाज तळाच्या पत्र्याखाली कोंडून घुमतो व विषारी वायू आत येण्याचा संभव असतो.

द्विधाव एंजिने : राजदूत, म्हैसूरची येझ्दी, बजाज चेतक इ. जुन्या दुचाकींत द्विधाव एंजिने होती. यांतील निष्कास नळ व ध्वनिशामक हे आवाज कमी करण्यापुरते नसतात. परावर्तित दाबतरंगामुळे ताजे मिश्रण सिलिंडरातून निसटणे कमी होते. म्हणून अशा वाहनात लांबी वा घनफळ बदलल्यास शक्ती घटते व इंधनाचा खर्च वाढतो. मूळ मापाचाच ध्वनिशामक बसविणे हा येथे एकमेव योग्य मार्ग आहे. वंगणतेल जळून साचणारी काजळी हे यांतील आवाज बदलण्याचे नेहमीचे कारण असते व ती काढल्यास नवा ध्वनिशामक अनेकदा लागत नाही.

पूर्वतपासणी : ध्वनिशामक बदलण्यापूर्वी आवाजाचे खरे कारण शोधणे आवश्यक असते. सांध्यातील गॅस्केट जळणे, नळास तडा जाणे किंवा प्रज्वलनाची वेळ बिघडून नळात बार होणे या दोषांमुळेही आवाज कर्कश होतो व नव्या ध्वनिशामकाने ते दूर होत नाहीत. एंजिन थंड असताना ते सुरू करून शेवटच्या नळाचे तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबल्यास गळतीच्या जागी फुसफुस ऐकू येते. ही तपासणी उघड्यावरच करावी. निष्कास वायूंतील कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असतो. तळपत्रा गंजलेल्या जुन्या मोटारगाडीत किंवा जीपगाडीत गळतीवाटे तो आत साचून प्राणघातक ठरू शकतो. आवाजातील बदल ही त्याची एक पूर्वसूचना समजावी.

ध्वनिशामक बाहेरून चिखलाने व आतून पाण्याने गंजतो. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर जवळजवळ तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी रोज थोडेच अंतर चालत असल्यास ध्वनिशामक पुरेसा तापत नाही व हे पाणी आतच साचते. त्याच्या निचऱ्यासाठी तळाशी ठेवलेले बारीक भोक गळती समजून बुजवू नये. ॲल्युमिनियमचा लेप दिलेले किंवा अगंज पोलाद साध्या पत्र्यापेक्षा बरेच अधिक टिकते.

स्थानिक परिस्थिती : यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस हे दारव्हा-पुसद मार्गावरील तालुक्याचे गाव या विवेचनास उदाहरण म्हणून घेता येईल. परिसर काळ्या जमिनीचा व कापूस पिकविणारा आहे. पावसाळ्यात काळी माती ध्वनिशामकाला चिकटून ओल धरून ठेवते; म्हणून पावसाळ्यानंतर तळ धुऊन टेकू व सांधे तपासणे अगत्याचे असते. कापूस व वाळलेले गवत यांच्या सान्निध्यात तप्त किंवा फुटका ध्वनिशामक आगीस कारण होऊ शकतो. पडदे काढलेल्या नळातून जळत्या काजळीचे कण अधिक सहज बाहेर पडतात. त्यामुळे कापसाच्या गंजीजवळ नेण्याच्या वाहनांत व ट्रॅक्टरांत पडदे शाबूत असणे हा केवळ आवाजाचा प्रश्न राहत नाही. बाजारपेठ व वस्ती लागून असलेल्या अशा गावांत अरुंद रस्त्यांवरील समोरासमोरच्या भिंतींमधून आवाज पुनःपुन्हा परावर्तित होतो व मोकळ्या रस्त्यावर सुसह्य वाटणारे वाहन तेथे त्रासदायक ठरते.

कायदा व मापन : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार ट्रॅक्टरासह प्रत्येक मोटार वाहनास ध्वनिशामक असणे बंधनकारक आहे. निष्कास नळ इंधननळीपासून ३५ मिमी.च्या आत नसावा, असेही याच नियमावलीत सांगितले आहे. पर्यावरण (संरक्षण) नियमांखाली उत्पादनाच्या टप्प्यावर दुचाकी व तीनचाकी वाहनांस ८० व मोटारगाड्यांस ८२ डेसिबेल अशी मर्यादा ठरविण्यात आली होती. पुढे मोटारगाड्यांची मर्यादा १ एप्रिल २००५ पासून ७४ डेसिबेल करण्यात आली. आवाजाच्या मानकांचा भंग केल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतन करताना त्याची तपासणी होते. दिग्रसमधील वाहनांचा संबंध यासाठी यवतमाळच्या परिवहन कार्यालयाशी (संकेत एमएच-२९) येतो. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना २०२१ पासून पुरातन वाहन म्हणून नोंदणीची सोय झाली असून अशा वाहनात मूळ आकाराचा ध्वनिशामक तयार करवून घेणेच श्रेयस्कर होय.

उभ्या वाहनाचा आवाज मोजताना ध्वनिमापक नळाच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, तोंडाच्याच उंचीवर व प्रवाहाशी ४५° कोन करून ठेवतात. भ्रमणध्वनीवरील मापनाने दोन ध्वनिशामकांची तुलना करता येते. कायदेशीर पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही. मापनात वापरली जाणारी ‘ए’ भारांकन पद्धती नीच कंप्रतांना कमी महत्त्व देते; १०० हर्ट्‌झचा आवाज तीत सुमारे १९ डेसिबेलने कमी धरला जातो. भिंती व खिडक्या मात्र नीच कंप्रतांनाच सर्वांत कमी अडवितात. त्यामुळे मापकावर मर्यादेत दिसणारा खर्जाचा आवाजही रात्री घरातील झोपलेल्या माणसास, विशेषतः आजारी व वृद्ध व्यक्तींस, जागे करू शकतो. मृदू आवाजाची खरी कसोटी यामुळे चालकाच्या कानापेक्षा रस्त्यालगतच्या घरात लागते. एंजिन संथ गतीत असताना नळाचा स्वर ओळखू यावा, पण बंद खिडकीआड तो जाणवू नये, इतपत शामकता असलेला ध्वनिशामक योग्य समजावा.