कार्ड घेण्याआधी कॅमेरा बघा! व्हिडिओ एडिटिंगसाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना पैसे कुठे वाया जातात?

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. बेळगाव, खानापूर, निपाणीपासून इंदूर-वडोदऱ्यापर्यंत फोटो-व्हिडिओ स्टुडिओंतले कॉम्प्युटर रात्र-रात्र चालू राहतात. गिऱ्हाइकाला आता पूर्ण लग्नाचा व्हिडिओ तर हवाच, शिवाय हायलाइट आणि रीलही चार दिवसांत हवी असते. इकडे टाइमलाइनवर फोर-के फुटेज टाकलं की चित्र अडखळतं आणि एक्स्पोर्ट लावून झोपलं तरी सकाळी ते अर्ध्यावरच असतं.

अशा वेळी सल्ला एकच मिळतो, ‘मोठं ग्राफिक्स कार्ड टाका.’ पंचवीस-तीस हजार रुपये जातात, एक्स्पोर्ट थोडं पळतं, पण टाइमलाइन मात्र पूर्वीसारखीच अडखळते. कार्ड खराब नसतं. ते कामाशी जुळणारं नसतं, एवढंच.

कार्डाची कामं तीन, भाग वेगवेगळे

पंगतीच्या स्वयंपाकात भाजी निवडणारा, फोडणी देणारा आणि वाढणारा वेगळा असतो. एडिटिंगमध्येही तसंच आहे. कॅमेऱ्याने दाबून लहान केलेली फाइल उलगडणं हे पहिलं काम, त्याला डिकोड म्हणतात. रंग, इफेक्ट, ट्रान्झिशन लावणं हे दुसरं. तयार व्हिडिओ पुन्हा दाबून फाइल बनवणं हे तिसरं, म्हणजे एन्कोड.

दुसरं काम कार्डाचे मुख्य कोअर करतात. पहिल्या आणि तिसऱ्या कामासाठी कार्डात वेगळा, छोटा भाग असतो. एनव्हिडियाच्या कार्डांत त्यांना एनव्हीडेक आणि एनव्हेंक म्हणतात. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये अशीच सोय असते, तिचं नाव क्विक सिंक. गेम किती फ्रेमने चालतो यावरून कार्डाची परीक्षा घेतली तर ती फक्त मुख्य कोअरची होते. टाइमलाइन अडखळते ती बहुतेकदा डिकोडमुळे, आणि तो भाग गेमच्या परीक्षेत येतच नाही.

खरी मेख ४:२:२ मध्ये

जुने कॅमेरे, साधे मोबाइल आणि बरेचसे ड्रोन ८ बिट ४:२:० प्रकारचं फुटेज देतात. यात चार पिक्सेलमागे रंगाची माहिती एकदाच साठवली जाते. हे फुटेज गेल्या काही वर्षांतलं जवळपास कुठलंही कार्ड सहज उलगडतं.

सोनी ए७ फोर किंवा कॅनन आर६ यांसारखे कॅमेरे १० बिट ४:२:२ फुटेजही देतात. यात दोन पिक्सेलमागे रंगाची माहिती एकदा असते. त्यामुळे हळदीचा पिवळा, शालूचा लाल असे रंग नंतर सुधारताना फाटत नाहीत. पण हा प्रकार उलगडण्याची सोय एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतल्या कार्डांत नाही. एएमडीच्या आरएक्स ७००० मालिकेपर्यंतच्या कार्डांतही नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि महागडं कार्ड शेजारी रिकामं बसून राहतं.

यावर तीन वाटा आहेत.

एक, इंटेलचा ११व्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, आतमध्ये ग्राफिक्स असलेला प्रोसेसर. त्यातलं क्विक सिंक एच.२६५ मधलं १० बिट ४:२:२ उलगडतं. एच.२६४ मधल्या ४:२:२ साठी मात्र त्यावर विसंबू नये, म्हणून कॅमेऱ्यात एच.२६५ चा पर्याय असेल तर तो निवडावा. इंटेलच्या आर्क कार्डांतही एच.२६५ साठी ही सोय आहे. मात्र त्यांना मदरबोर्डवर रिसायझेबल बार चालू लागतो, त्यामुळे जुन्या मशीनला ती घेऊ नयेत.

दोन, २०२५ मध्ये आलेली एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिका. यात एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हींतलं ४:२:२ चालतं. पण एडिटिंगचं सॉफ्टवेअरही नव्या आवृत्तीचं हवं.

तीन, प्रॉक्सी. म्हणजे मूळ फुटेजची हलकी प्रत बनवून तिच्यावर एडिट करायचं आणि एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरून घ्यायचं. प्रीमियर प्रो आणि डाव्हिंची रिझॉल्व्ह दोन्हींत ही सोय आहे. प्रॉक्सी तयार व्हायला वेळ लागतो, पण ते काम रात्री लावून ठेवता येतं. खर्च शून्य!

‘एफ’चा घोळ

असेम्बल मशीन घेताना सगळ्यात जास्त फसगत इथे होते. इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. म्हणजे क्विक सिंकही नसतं. थोडे पैसे वाचतात म्हणून दुकानदार हाच प्रोसेसर सुचवतो. गेम खेळणाऱ्याला तो ठीक आहे, पण ४:२:२ वर काम करणाऱ्याने एफ नसलेला साधा आय५-१२४०० घ्यावा. वेगळं कार्ड बसवल्यावर काही मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. ते बायोसमध्ये जाऊन पुन्हा चालू करावं लागतं.

स्वस्त कार्डांतही असे सापळे आहेत. जीटी १०३० मध्ये एनव्हेंक नाही. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या कार्डांत एन्कोडरच नाही. गेमसाठी ती चालतील, पण एक्स्पोर्टला त्यांची मदत होणार नाही.

मेमरी किती, वीज किती?

फुल एचडी कामाला ६ जीबी मेमरीचं कार्ड पुरतं. फोर-के साठी ८ जीबी धरून चाला. रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन, फ्यूजन असं जड काम रोज असेल तर १२ जीबी किंवा जास्त घ्या, नाहीतर ‘जीपीयू मेमरी फुल’ असा संदेश ऐन घाईत येतो. म्हणूनच आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी मॉडेल जुनं असूनही एडिटरांच्या पसंतीत टिकून राहिलं.

विजेचं गणितही बघा. आरटीएक्स ३०६० कमाल १७० वॅट घेतं, ४०६० साधारण ११५ वॅट. दोन्हींसाठी ५५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय हवा. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटवर चालतं आणि त्याला वेगळी वायरही लागत नाही. जुनं ऑफिसचं मशीन असेल आणि वीज वारंवार जात असेल, तर यूपीएसवर हेच सोपं पडतं.

सॉफ्टवेअर कोणतं, तेही बघा

प्रीमियर प्रोमध्ये एनव्हिडिया आणि एएमडी कार्डांवरून एच.२६४, एच.२६५ एन्कोड करण्याची सोय २०२० मध्ये आली. त्याआधीची आवृत्ती वापरणाऱ्याला नव्या कार्डाचा तो फायदा मिळणार नाही. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत हार्डवेअरची मदत मर्यादित आहे, ती पूर्ण मिळते सशुल्क स्टुडिओ आवृत्तीत. लिनक्सवर तर मोफत आवृत्ती एच.२६४ फाइल उघडतच नाही. त्यामुळे रिझॉल्व्हवर काम करणाऱ्याने कार्डाच्या बजेटमधून स्टुडिओचे पैसे आधी बाजूला काढलेले बरे.

हार्डवेअर एन्कोड वेगवान असतं, पण तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये प्रोसेसरने संथपणे केलेलं एन्कोड किंचित सरस दिसतं. लग्नाच्या व्हिडिओला बिटरेट थोडा वाढवला की हा फरक डोळ्याला जाणवत नाही. नव्या कार्डांत एव्ही१ एन्कोडही असतं, पण पेनड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या जुन्या टीव्हीला लागणार असेल तर एच.२६४ च द्या.

आधी पाच मिनिटांची तपासणी

पैसे काढण्याआधी एक परीक्षा घरच्या घरी होते. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा आणि टाइमलाइन चालवा. ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख शून्यावर आणि प्रोसेसर शंभरावर असेल, तर कार्ड फुटेज उलगडत नाही. ‘थ्रीडी’चा आलेख शंभराला टेकला असेल, तर इफेक्टसाठी खरंच मोठं कार्ड हवं. सगळेच आलेख खाली आणि तरी चित्र अडखळत असेल, तर फुटेज जुन्या हार्ड डिस्कवर आहे का ते बघा. तिथे एसएसडीने काम भागतं.

राज्य ओलांडून खरेदी करताना

बेळगावचा माणूस कोल्हापूर-पुण्याला किंवा हुबळीला खरेदीला जातो. जीएसटी सगळीकडे १८ टक्केच आहे, त्यामुळे करात बचत होत नाही. ज्याची जीएसटी नोंदणी आहे, त्याने दुसऱ्या राज्यात खरेदी करताना आपला नंबर देऊन आयजीएसटीचं बिल निघेल का, हे आधी विचारावं. नाहीतर क्रेडिट अडकू शकतं. बिलावर कार्डाचा सीरियल नंबर हवाच, आणि वॉरंटीचं सेंटर आपल्या गावाजवळ आहे का तेही बघावं. कार्ड बिघडलं की भर सीझनमध्ये सीमेपलीकडे दोन-तीन फेऱ्या परवडत नाहीत.

सेकंडहँड कार्ड स्वस्त मिळतं, पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर दिवस-रात्र राबलेली खूप कार्डं बाजारात आली. असं कार्ड अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून, पंख्यांचा आवाज आणि तापमान बघूनच पैसे द्यावेत.

दुकानात जाताना आपल्या कॅमेऱ्याची एक क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन जा. ती त्याच कार्डावर, आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये चालवून दाखवा म्हणावं. चालली तर पैसे द्यायचे, नाहीतर पुढचं दुकान!