प्रत्येकाकडे एक तुकडा: वर्गातली चढाओढ कमी करणारं कोडं

१९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं एकाच वर्गात बसू लागली आणि शाळांमध्ये मारामाऱ्या सुरू झाल्या. मार्ग काढण्यासाठी मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांना बोलावण्यात आलं.

वर्ग पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की शिकवण्याची पद्धतही या भांडणाला खतपाणी घालते. शिक्षक प्रश्न विचारतात, हात वर करण्याची चढाओढ लागते आणि एक चुकला की दुसरा खूश होतो.

मग उपाय काय केला?

पाच-सहा मुलांचा मिश्र गट केला. धड्याचे तेवढेच भाग करून प्रत्येकाला एकच भाग दिला. तो समजून घेऊन बाकीच्यांना शिकवायचा. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. अडखळत बोलणाऱ्या मुलाला चिडवून चालेना, कारण त्याचा भाग दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. हीच 'जिगसॉ' पद्धत.

बालवाडीत हे जमेल का?

जमेल. त्यासाठी वाचता येण्याचीही गरज नाही. चार मुलांना २४ तुकड्यांचं एक चित्रकोडं द्या, प्रत्येकाला सहा तुकडे. नियम एकच: दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही. सुचवायचं, पण लावणार ज्याचा त्यानेच.

इथे चटपटीत मुलाला थांबावं लागतं आणि बुजऱ्या मुलाची वाट पाहिली जाते. म्हणून शिक्षकांनी घड्याळ लावू नये आणि पहिला नंबरही काढू नये. नाहीतर चढाओढ पुन्हा सुरू होते, फक्त गटागटांत.